रेघेच्या हातभर अलीकडे

माझा उजवा हात पाहिला की लोक विचारतात, मशीनमध्ये गेला होता का. रिक्षावाला विचारतो, भाजीवाली विचारते, ऑफिसात नवीन लागलेला शिपाईही विचारतो. मी हो म्हणून टाकते. कुत्र्याने धरला होता असं सांगितलं की समोरचा आधी दोन पावलं मागे सरतो आणि मग अख्ख्या कुत्रेजातीचा उद्धार करायला लागतो. तो ऐकत बसायला मला वेळ नाही.

इथे मात्र खरं लिहिते. ज्यांचा हात किंवा पाय आत्ता पट्टीत आहे आणि रोज सकाळी ड्रेसिंगची ट्रॉली वाजली की जे चादर तोंडावर ओढून घेतात, त्यांच्यासाठी लिहिते. आणि ज्यांच्या घरी दांडगा कुत्रा आहे आणि त्याच्याशी दांडगाई करायची ज्यांना हौस आहे, त्यांच्यासाठी तर नक्कीच.

परसातली कबड्डी

आमचं घर सारसोळ्यात, नेरूळला लागून. गावठाणात आता घराला घर चिकटलंय. आपल्या खिडकीतून हात घातला तर शेजाऱ्याच्या ओट्यावरचा चहा पिता येईल. फक्त आमच्या घरामागे परस उरलंय, कारण बाबांनी मरेपर्यंत तिथे इमला चढवू दिला नाही. एका बाजूला दादाची जाळी वाळत असतात. दादा म्हणजे माझा मोठा भाऊ, तो अजून खाडीत होडी घालतो. दुसऱ्या बाजूला नारळ. आणि मधल्या मोकळ्या मातीत मी टाचेने ओढलेली रेघ.

मी कबड्डी खेळले. नुसती हौस म्हणून नाही, कबड्डीवर मला सरकारी नोकरी लागली. लग्न जमलं नाही, जमवलंही नाही. आई, दादा आणि मी असं आमचं घर. मी चढाईला जायचे. आमच्या गुरुजींची शिकवण एकच होती. "धरला तरी थांबायचा नाय. कातडी सोलली तरी चालंल, रेघंला हात लागला पायजे." तीन-तीन बायकांना अंगावर घेऊन, तोंड मातीत घासत मी रेघेला बोट लावलेलं आहे. समोरचीच्या बरगडीत कोपर गेलं तर वाईट वाटायचं नाही. खरं सांगायचं तर बरं वाटायचं.

मग गुडघा गेला, खेळ सुटला, आणि घरात कुत्रा आला, जिताडा. त्याची आई गावठी, बाप कुठल्यातरी सोसायटीतला जातिवंत. पिल्लू असताना त्याने दादाच्या टोपलीतलं जिताड्याचं डोकं पळवलं आणि पाठीत दोन धपाटे खाऊनही सोडलं नाही, म्हणून हे नाव. कुत्र्याला माशाचं नाव दिलं म्हणून आई आठवडाभर कुरकुरत होती.

त्याला मी कबड्डी शिकवली. लोक कुत्र्याला शेकहँड शिकवतात, मी पकड शिकवली. मी "कबड्डी कबड्डी" म्हणत त्याच्या बाजूला जायचं, त्याने माझ्या जुन्या जर्सीची लांब बाही धरायची, आणि मी त्याला ओढत रेघेपर्यंत यायचं. माझा दम तुटला की खेळ संपला, मग त्याने सोडायचं. हे त्याला चार दिवसांत कळलं. कपड्याला धरायचं, अंगाला नाही, हाही नियम होता. पण कापड कुठे संपतं आणि बाई कुठे सुरू होते, हे भरात आलेल्या कुत्र्याला कोण सांगणार?

दर रविवारी आमचा सामना व्हायचा. तो गुरगुरायचा, मी गुरगुरायचे. धुळीचा लोट उठायचा. शेजारच्या गच्च्यांवर माणसं जमायची, मोबाइल काढायची. दोघांच्याही अंगाला ओरखडे असायचे. आई ओट्यावरून म्हणायची, "लाज कशी नाय गो वाटत तुना? कुत्र्यासंगती कुत्री झालीस."

मला लाज वाटत नव्हती. आठवडाभर फायली सरकवल्यावर मला तेवढीच एक जागा होती जिथे कोणाशी तरी भिडता यायचं.

शेवटची एक

तो मे महिन्यातला रविवार होता. ऊन उतरलं नव्हतं. जिताड्याची जीभ हातभर बाहेर आली होती, पाण्याच्या भांड्याकडे त्याने दोनदा पाहिलं होतं. आता मला ठाऊक आहे की तिथेच थांबायचं असतं. कुत्रा दमला, तापला, डोळे मोठे करून एकटक बघायला लागला, शेपूट ताठ झालं, की खेळ खेळ राहत नाही. पाणी द्यायचं, सावलीत बसवायचं, तो शांत झाला तर पुढचं बघायचं. पण गच्चीवरून कोणीतरी ओरडलं, "आत्या, शेवटची एक!" आणि प्रेक्षक असले की माझ्या अंगात येतं.

जर्सी घामाने चिकटत होती म्हणून मी मघाशीच बाही खांद्यापर्यंत दुमडली होती. हे मी विसरले. जिताडा विसरला नव्हता, त्याने बाही जिथे असायची तिथेच झेप घेतली.

दात कोपराच्या खाली बसले. दुखलं नाही, नुसता गरम चिमटा बसला. त्या क्षणी मी जागच्या जागी उभी राहिले असते तर चार भोकं पडली असती, डॉक्टरांनी नंतर सांगितलं. चार भोकं, चार टाके, आठ दिवसांत मोकळी. पण मला पकडलं होतं, आणि पकडल्यावर काय करायचं हे माझ्या हाडांत भरलेलं होतं. मी रेघेकडे झेपावले. मी ओढलं तसं त्याने आवळलं, कारण मीच त्याला तसं शिकवलं होतं. ओलं कापड फाडल्यासारखा आवाज आला. मी तोंडाने अजून "कबड्डी कबड्डी" म्हणत होते. डावा हात लांब करून मी रेघेला लावला.

मग उजव्या हाताकडे पाहिलं आणि दम तुटला. जिताड्याने त्याच क्षणी तोंड उघडलं.

कोपराखालून मनगटापर्यंत हात उसवला होता. आत पांढरं काहीतरी हलत होतं, मी बोट हलवलं की तेही हलत होतं. गच्चीवरचे मोबाइल खाली आले. जिताडा बाजूला उभा राहून शेपटी हलवत होता, त्याच्या हनुवटीवरून रक्त गळत होतं, आणि त्याला वाटत होतं की सामना छान झाला.

दादा जाळ्याआडून धावत आला तो वल्हं घेऊनच. पहिला घाव जिताड्याच्या बरगडीवर बसला. माझ्या हाताचा आवाज मला नीट आठवत नाही, पण तो आवाज आठवतो. दुसरा पाठीवर, तिसरा मागच्या पायावर. जिताडा उलटून चावला नाही. तो नारळाच्या बुंध्याशी गोळा होऊन मार खात राहिला. मी दादाच्या पायात आडवी पडले तेव्हा तो थांबला.

माती

आम्ही मातीत खेळणारी माणसं. गुडघा सोलला की मैदानातली चिमूटभर माती चोळायची आणि परत उभं राहायचं, हे मी लहानपणापासून केलं होतं आणि कधी काही झालं नव्हतं. त्या दिवशीही मी मूठभर माती घेतली आणि रक्त थांबवायला त्या उसवलेल्या हातात दाबली. वर आईने हळद भरली आणि जुन्या लुगड्याची पट्टी करकचून बांधली.

दादा म्हणाला, "दवाखान्यात चल." मी म्हणाले, "जिताड्याला दर वर्षी इंजेक्शन देतो ना आपण? मग?" दवाखान्यात गेलं की विचारणार कसं झालं, मग सगळं कुत्र्यावर येणार, ही मला भीती होती. शिवाय मी खेळाडू. मला कसली सुई?

ज्याला घरात अशी जखम झाली आहे त्याने माझं एवढं ऐकावं. नळ सोडा, साबण घ्या आणि वाहत्या पाण्याखाली जखम धूत राहा, हात भरून येईपर्यंत, पंधरा मिनिटं तरी. माती नको, हळद नको, चुना नको, तिखट नको. घट्ट बांधू नका. आणि कुत्रा घरचा असो, लाडका असो, टोचलेला असो, तरी त्याच दिवशी दवाखाना गाठा.

दोन दिवसांनी हात दुधीएवढा झाला. तिसऱ्या दिवशी बोटं दिसेनाशी झाली, अंगात थंडी भरली, आणि पट्टीतून वास यायला लागला. आमच्या घरात वासाचं कोणाला काही वाटत नाही. पण आईने जेवणाचं ताट माझ्यापुढे ठेवलं, वास घेतला, आणि ताट उचलून परत आत नेलं. मग तिने दादाला हाक मारली. दादाने मला मासळीच्या टेम्पोत घातलं. बर्फाच्या लादीवर हात ठेवून मी नेरूळच्या हॉस्पिटलात पोचले.

डॉक्टरबाईंची रेघ

डॉक्टरबाई माझ्याहून लहान होत्या. पट्टी सोडताना त्यांनी विचारलं, "धुतलं होतं कशाने?"

"माती लावली."

"कोणी लावली?"

"मीच."

  त्यांनी काळा मार्कर घेतला आणि कोपराच्या जरा वर, जिथे लाली संपत होती, तिथे हाताभोवती गोल रेघ ओढली.

"बघा, खोटं बोलत नाही," त्या म्हणाल्या. "आत पू आहे, मेलेलं मांस आहे. ते आज काढायचं. ही लाली रेघेच्या खाली राहिली तर हात वाचवू. रेघ ओलांडून वर जात राहिली तर मला जिवाचं बघावं लागेल. मग हाताचा विचार करता येणार नाही."

"म्हणजे कापणार?"

"वेळ आली तर, हो."

दादा पायाशी उभा होता. त्याच्या अंगाला अजून बर्फाचं पाणी होतं. तो शांतपणे म्हणाला, "हिचा हात गेला तर तो कुत्रा पन गेला. मी सोताच्या हातानं मारीन."

"दहा दिवस त्याच्या केसालाही धक्का लावायचा नाही," डॉक्टरबाई म्हणाल्या. "तो नीट खातोय, पितोय, तब्येत बरी आहे, हे दहा दिवस बघायचं असतं, म्हणजे रेबीज नाही हे कळतं. तो जिवंत राहणं हिच्यासाठी गरजेचं आहे."

"दहा दिवसांनंतर?"

"ते तुमचं तुम्ही बघा."

त्याच संध्याकाळी दादाने जिताड्याला करंजाड्याला मावशीकडे नेऊन साखळीने बांधलं. तिथून मावशी रोज फोन करायची, की जेवला, पाणी प्यायला. आणि दादा फोन ठेवून माझ्या हातावरची रेघ बघायचा. माझ्या उजव्या हाताला दोन जीव बांधलेले होते, हे मला त्या पलंगावर पक्कं कळलं.

ट्रॉली

आधी जखमेभोवती सुया टोचल्या. रेबीजच्या त्या सुया नुसत्या दंडात देत नाहीत, फाटलेल्या मांसाच्या कडेकडेने देतात. मी वॉर्डबॉयच्या छातीत लाथ घातली. मग ऑपरेशन, मग दुसऱ्या दिवसापासून ड्रेसिंग.

ड्रेसिंगबद्दल कोणी आधी सांगत नाही, म्हणून मी सांगते. मार खाण्यासारखंच आहे ते, फक्त मारणाऱ्याचा तुमच्यावर राग नसतो. चिकटलेली जाळी ओढून काढतात. खाली जे दिसतं ते तुमचं आहे यावर विश्वास बसत नाही. त्यात चिमटा घालून मेलेलं उचलतात, जोपर्यंत ताजं रक्त येत नाही तोपर्यंत. ताजं रक्त आलं की सगळे खूश होतात आणि तुम्ही आईवरून शिव्या देत असता.

माझ्या नशिबाला शिंदे सिस्टर होत्या. साताऱ्याकडच्या, हाडापेराने मजबूत. जाळी ओढायच्या आधी त्या सलाइनने ती भिजवून ठेवायच्या, तेवढी पाच मिनिटं त्यांच्या खिशातून जायची. जगात दया म्हणतात ती मला तेवढीच दिसली आणि ती पुरली. त्या म्हणायच्या, "वरडा की बाई. वरडायचं बिल लावत न्हाईत हितं."

मी ओरडायचे नाही. मी "कबड्डी कबड्डी कबड्डी" म्हणायचे, एका दमात. वॉर्डातल्या बाया आधी घाबरल्या, मग सरावल्या. पलीकडच्या खाटेवर खांदेश्वरच्या एक आजी होत्या, मधुमेहाने पाय कापलेल्या. माझा दम तुटला की त्या म्हणायच्या, "आउट." सगळा वॉर्ड हसायचा. त्यांच्या हसण्याचा मला भयंकर राग यायचा आणि दुसऱ्या दिवशी मी जरा जास्त वेळ दम धरायचे.

एका सकाळी लाली रेघेच्या वर गेली. बोटभर. दादानेच पहिल्यांदा पाहिली. तो डॉक्टरबाईंना बोलवायला धावला नाही, आधी माझ्याकडे बघत उभा राहिला. मग तो बाहेर गेला, आणि कॉरिडॉरमध्ये त्याचं आणि आईचं जोरात जुंपलेलं मला ऐकू आलं.

"तुजाच लाड," दादा म्हणत होता. "बाबाचा परस, बाबाचा परस. इमला चढवला असता तर कुत्रा नसता, खेल नसता, ही वेल आली नसती."

"त्या कुत्र्याला तू मारलास ना? जीव भरला नाय तुजा?"

"नाय भरला."

मग फाडकन आवाज आला. आईने त्या सहा फुटी, मिशीवाल्या माणसाला कानाखाली वाजवली होती. सिक्युरिटीवाला धावला. दोघंही आत आली ती माझ्या खाटेच्या दोन बाजूंना बसली आणि एकमेकांकडे बघेनात.

डॉक्टरबाईंनी परत थिएटरला नेलं. "आज अजून एकदा उघडते," त्या म्हणाल्या. "उद्या सकाळपर्यंत खाली उतरलं नाही तर सह्या घेईन."

चावा

शुद्धीवर आल्यावर पहिलं काम मी डाव्या हाताने चाचपण्याचं केलं. हात होता. ताप मात्र इतका होता की भिंती हलत होत्या. शिंदे सिस्टर पट्टी बघायला वाकल्या. त्यांनी कोपराजवळ कुठेतरी दाबलं असावं. मला एकच कळलं की मला पकडलंय. तोंडाजवळ त्यांचं मनगट होतं. मी ते चावले.

बारीकसं नाही. जबडा आवळून. तोंडात रबरी हातमोजाची चव आली आणि मग रक्ताची.

सिस्टरनी हात ओढला नाही. त्यांना ओढता येतच नव्हता, दुसऱ्या हाताने त्यांनी माझी उघडी जखम धरली होती, हलल्या असत्या तर सगळं मोकळं झालं असतं. त्या जिथल्या तिथे थांबल्या आणि दात आवळून म्हणाल्या, "सोडा. बाई, सोडा आता."

धरून ठेवायला समोरून ओढच नव्हती. जबडा आपोआप सैल झाला.

त्यांच्या मनगटावर माझ्या दातांची गोल खूण उठली होती. चार टिंबं लाल, बाकी सगळी पांढरी. मी ती खूण बघत राहिले. त्यांच्या हाताला टाकाही पडला नाही. आणि मग मला परसातला तो क्षण आठवला, दम तुटताच जिताड्याने तोंड उघडलं होतं तो. त्याने नियम पाळला होता. मी थांबले तेव्हा तो थांबला. मी आधी थांबलेच नव्हते. मी तिथे पडून ढसाढसा रडले, माझ्यासाठी, त्या मुक्या जनावराच्या बरगडीसाठी, आणि सिस्टरना वाटलं की मला चावल्याचा पश्चात्ताप होतोय.

"असू द्या," त्या मनगट नळाखाली साबणाने धूत म्हणाल्या. "माणसाचा चावा कुत्र्यापरीस वंगाळ, म्हायती हाय न्हवं? आता मला सुई. तुमच्यामुळं."

सकाळी डॉक्टरबाई आल्या. दादा भिंतीला पाठ लावून उभा होता, वर बघतच नव्हता. बाईंनी हात उलटासुलटा केला, बोटाने दाबून पाहिलं आणि खिशातून मार्कर काढला. जुन्या रेघेच्या खाली, चार बोटं खाली, त्यांनी नवी रेघ ओढली.

"उतरतंय," त्या म्हणाल्या.

आईने दादाच्या गालावर, जिथे मारलं होतं तिथेच, हात ठेवला. दादा म्हणाला, "मावशीला फोन करतो. त्याला जेवन घातलं का इचारतो."

घरी

मांडीचं कातडं काढून हातावर लावलं. ते चिकटलं. करंगळी आणि तिच्या शेजारचं बोट आता मिटत नाही. जेवताना भात सांडतो, पेन धरायला नवीन तऱ्हा शोधावी लागली. फिजिओथेरपीत मऊ चेंडू दाबताना डोळ्यांतून पाणी येतं ते अजून येतं. पण हात माझा आहे.

एक गोष्ट मात्र कोणी सांगितली नव्हती. मी भित्री झाले. बाजाराच्या वाटेवरचं एखादं खरजुलं कुत्रं जांभई द्यायला लागलं तरी मी भिंतीला चिकटायचे. जी बाई सहा-सहा जणींच्या कोंडाळ्यात शिरायची, ती कुत्र्याला बघून रस्ता बदलायला लागली. मला स्वतःची चीड यायची. तुम्हालाही असं होत असेल तर होऊ द्या, त्यात काही कमीपणा नाही. वेळ द्या.

जिताडा करंजाड्यालाच होता. दहा दिवस कधीच उलटले होते, तो ठणठणीत होता. दादा त्याला मारणार नव्हता, पण आणणारही नव्हता. "तिथंच राहू दे," एवढंच म्हणायचा. शेवटी हातावरची पट्टी पूर्ण उतरली तेव्हा मी म्हणाले, मला त्याला बघायचंय. दादाने टेम्पो काढला. मागे पाहिलं तर वल्हं ठेवलेलं.

"हे कशाला?"

"असू दे."

करंजाडे

मावशीच्या घराच्या चारी बाजूंना टॉवर उठताहेत, मधे पत्र्याचं कुंपण घातलेलं तिचं अंगण आहे. दारापासून सिमेंटची पट्टी, पुढे माती. जिताडा साखळीला होता. मागचा पाय जरा ओढत होता. मला पाहून तो उठला आणि लगेच बसला. दादाकडे पाहून पोटावर सरपटला. आम्ही दोघंही एकमेकांना घाबरत होतो.

मी नवीन खेळ ठरवून गेले होते. दादाच्या जाळ्याचा जाड दोर घेतला होता, माझ्या उंचीएवढा, टोकाला मुठीएवढी गाठ मारलेली. गाठ त्याची, दुसरं टोक माझं, मधे भरपूर अंतर. थोडं ओढायचं, "सोड" म्हणायचं, सोडलं की माशाचा तुकडा द्यायचा आणि दम खायला थांबायचं. तो जास्त भरात यायच्या आत खेळ संपवायचा. हात, बाही, पाय, काहीही मधे नाही. हातावर मी दादाचा जाड जुना शर्ट चढवला होता, बाह्या मनगटापर्यंत बटण लावून.

मावशीने साखळी काढली. दादा पत्र्याला टेकून उभा राहिला, हातात वल्हं.

खेळ चांगला चालला. ओढ, सोड, तुकडा, पाणी. तिसऱ्या वेळेला माझी भीती जरा उतरली. मी डाव्या हाताने ओढत सिमेंटच्या पट्टीकडे मागे मागे सरकत होते, आणि उजवा हात दुखत होता, आणि दुखलं की मी काय करते ते वॉर्डात सगळ्यांना माहीत होतं. माझ्या तोंडून बारीक आवाजात निघायला लागलं, "कबड्डी कबड्डी कबड्डी..."

जिताड्याचे कान उभे राहिले. माझ्या ध्यानात आलं तोवर उशीर झाला होता. त्याने दोर टाकला आणि झेप घेऊन माझी उजवी बाही धरली.

जाड कापडाच्या आत, नव्या कातड्याच्या वर, मला त्याचे दात जाणवले. दादा ओरडला. वल्हं वर गेलेलं मी डोळ्याच्या कोपऱ्यातून पाहिलं. माझी टाच सिमेंटच्या पट्टीपासून हातभर अलीकडे होती. सगळं अंग म्हणत होतं ओढ, एक हिसका, रेघेला पोचलीस. कमरेतून मी वळलेही होते.

"दादा, मारू नको," म्हणायला मला दम सोडावा लागला.

मी सोडला. तोंड मिटलं, खांदे सोडले, आणि कुत्र्याच्या तोंडात हात ठेवून जागच्या जागी उभी राहिले. 

जिताड्याने तोंड उघडलं. बाहीवर थुंकीचा डाग होता, बाकी काही नाही. तो मागे सरला आणि मातीत बसून, जीभ काढून माझ्याकडे बघायला लागला.

दादाचं वल्हं अजून वरच होतं. मग ते हळूहळू खाली आलं. तो पत्र्याला पाठ घासत उकिडवा बसला, आणि बराच वेळ कुत्र्याकडे, मग माझ्या पायाकडे, मग त्या पट्टीकडे बघत राहिला. चौदा वर्षं तो माझा प्रत्येक सामना बघायला आला होता.

"आउट कोन?" त्याने विचारलं.

"मी," मी म्हणाले.

"मग घे त्याला टेम्पोत," दादा म्हणाला.